वरून ओलं, खाली कोरडं: वाफ्याला पाणी देताना

वसंतात पाऊस नसला की रोज संध्याकाळी वाफ्यावर दोन मिनिटं पाइप फिरवला जातो. माती काळी दिसते, समाधान होतं. तिथंच खुरप्यानं बोटभर उकरून बघा. खाली कोरडी ठणठणीत. अशा पाण्यावर मुळं वरच्यावरच पसरतात आणि एक पाळी चुकली की रोप मान टाकतं.

एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. कोरड्या दिवसांत भाज्यांना आठवड्याला साधारण 25 मिमी लागतं, म्हणजे 1 बाय 3 मीटरच्या वाफ्याला 75 लिटर. दहा लिटरची बादली पाइपखाली ठेवून वेळ मोजा. 40 सेकंदांत भरली, तर 75 लिटरला पाच मिनिटं. पण एका दमात सोडू नका, वाहून जाईल. निम्मं द्या, अर्धा तास मुरू द्या, मग उरलेलं. रेताड मातीत हेच पाणी आठवड्यातून दोन-तीनदा विभागून द्यावं. चिकण मातीत एकदा पुरतं, फक्त धार मंद हवी.

दुसऱ्या दिवशी 15 सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा वळून टिचकीनं फुटला तर वाफसा आहे, म्हणजे हवी तेवढीच ओल; पाणी नको. वळलाच नाही तर द्या. बोटांना चिखल लागला तर जास्त झालंय.

वेळ सकाळची. धार बुंध्याशी, पानांवर नाही; पानं रात्रभर ओली राहिली की करपा रोग येतो. पाणी दिल्यावर वाळक्या पाल्याचं 5 ते 7 सेंटिमीटर आच्छादन घाला, बुंध्यापासून दोन बोटं सोडून. कोरड्या मातीवर आधीच घातलं तर हलका पाऊस त्यातच अडकतो.

दुपारी मलूल दिसणारं रोप संध्याकाळी सावरत असेल तर घाई नको. सकाळीही मान खाली असेल तर आधी माती बघा, कारण पाणी साचून मुळं गुदमरली तरी रोप असंच दिसतं, आणि त्यावर आणखी पाणी ओतलं की संपलंच. टोमॅटोला कधी कोरड, कधी पूर असं झालं की फळं तडकतात, बुडाशी काळी पडतात.

या सगळ्याला अपवाद नुकत्याच पेरलेल्या बियांचा. उगवेपर्यंत त्यांना वरचीच ओल हवी: बारीक भोकांच्या झारीनं, रोज, थोडंथोडं.