ओव्हरक्लॉक मशीनवर बॉइंक लावण्याआधी

बॉइंक म्हणजे घरच्या मशीनची ताकद संशोधन प्रकल्पांच्या गणितांना देणारं सॉफ्टवेअर, आणि ओव्हरक्लॉक म्हणजे चिप तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा (क्लॉकपेक्षा) जास्त वेगाने चालवणं. आधी प्रकल्प ठरवा, मग क्लॉक. गेममध्ये कधीच न अडखळणारं मशीन एव्हीएक्सच्या (प्रोसेसरच्या जड गणिती सूचनांच्या) गणितापुढे तासाभरात चुकू शकतं. त्यामुळे "5.4 गिगाहर्ट्झला स्थिर आहे" हे वाक्य कुठल्या कामासाठी, ते सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. मूळ संख्या शोधणारी कामं, म्हणजे प्राइमग्रिड प्रकल्पाची एलएलआर किंवा गिम्प्स प्रकल्पाचा प्राइम95 प्रोग्रॅम, सगळ्यांत कडक. रोझेटा अ‍ॅट होम दर कामामागे रॅम भरपूर मागतं. आइनस्टाइन अ‍ॅट होम ग्राफिक्स कार्डच्या मेमरीची परीक्षा घेतं. फोल्डिंग अ‍ॅट होम बॉइंकमध्ये येतच नाही, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं. क्लायमेटप्रेडिक्शनची कामं ओव्हरक्लॉक मशीनवर घेऊच नका. ती दिवसेंदिवस चालतात आणि मधे मशीन रीस्टार्ट झालं की सगळी मेहनत पाण्यात जाण्याचा धोका मोठा. आणि सेटी अ‍ॅट होमसाठी लिहिलेली जुनी सेटिंग्ज उचलू नका. त्या प्रकल्पाने 31 मार्च 2020 पासून नवीन काम देणं थांबवलंय.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) चांगला हवा, हे सांगायला नको. फक्त हिशोब सलग भाराचा करा. गेमचा भार खाली-वर होत राहतो, इथला चोवीस तास एकसारखा असतो. क्षमतेच्या 60-70 टक्क्यांत बसवा. ग्राफिक्स कार्डच्या प्रत्येक 8 पिन सॉकेटला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. अशा एका सॉकेटचं मान 150 वॅट आहे, एकाच केबलच्या दोन शेपट्या वापरून 300 वॅट ओढू नका. नवा 12 व्होल्टचा सोळा पिनी कनेक्टर असेल तर तो शेवटपर्यंत आत गेलाय का ते बोटाने नाही, टॉर्च लावून बघा, आणि कनेक्टरला लागूनच केबल वाकवू नका. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॅट वाचा.

आता क्लॉक किती वाढवायचा. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. 5 टक्के क्लॉकसाठी व्होल्टेज 1.20 वरून 1.30 वर न्यावं लागलं, तर वीज सुमारे 23 टक्क्यांनी वाढते. काम जास्तीत जास्त 5 टक्के. बेंचमार्कच्या एका आकड्यासाठी हा सौदा ठीक, वर्षभर चालणाऱ्या मशीनसाठी वेडेपणा. व्होल्टेज न वाढवता जितका क्लॉक मिळतो तितका घ्या, किंवा क्लॉक तसाच ठेवून व्होल्टेज उतरवा. लोडलाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज खचू न देणारं बायोसचं सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवू नका. भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि ती उसळी कुठल्याही मॉनिटरमध्ये दिसत नाही. रायझन प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअर्सचं व्होल्टेज उतरवणारं सेटिंग) वापरत असाल तर एक गोष्ट उलटी आहे. तिथे मशीन पूर्ण भारावर नाही, हलक्या भारावर पडतं, कारण एकच कोर सर्वोच्च क्लॉकला जातो. सगळ्या कोअर्सना सरसकट उणे 30 देऊन मोकळं होऊ नका. कोअरसायक्लर या प्रोग्रॅमने एकेक कोर तपासा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील, तर 2024 मधले व्होल्टेजचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) सुधार असलेला बायोस टाकल्याशिवाय पुढे वाचूही नका.

तापमान. 500 वॅट ओढणारं मशीन दिवसाला 12 युनिट खातं, आणि ती सगळी उष्णता होऊन त्याच खोलीत पडते. खोली 8 अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच वर जाते. म्हणून चाचणी रात्री, खिडकी उघडी ठेवून करण्यात काही अर्थ नाही. दिवसाच्या सगळ्यात गरम वेळी, दार-खिडक्या रोज जशा असतात तशाच ठेवून करा. थर्मल पेस्ट, पंखे, धुळीची जाळी: माहीत आहे, पुढे चला.

रॅमकडे लोक बघतच नाहीत. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचं वेगवान तयार प्रोफाइल) चालू केलं की तोही ओव्हरक्लॉकच झाला, पाकिटावर छापलेला वेग असला तरी. डीडीआर5 मधली चिपच्या आतली चूक-दुरुस्ती चिपपुरतीच असते, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक ती पकडत नाही. तेव्हा मेमटेस्ट86 या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चारही फेऱ्या पूर्ण करा. एक चूक म्हणजे नापास. "एकच तर आहे" असं म्हणायचं नाही. रॅमचा वेग एक पायरी उतरवा आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग प्रोसेसर. प्राइम95 ची स्मॉल एफएफटी चाचणी अर्धा तास, फक्त तापमान कुठे थांबतं ते बघायला. त्यानंतर त्यातलीच ब्लेंड चाचणी किमान 12 तास, त्यात रॅम आणि मेमरी कंट्रोलरही येतात. वेळ असेल तर वाय-क्रंचरची स्ट्रेस टेस्टही लावा, प्राइम95 मध्ये पास झालेली मशीनं तिथे पडतात. प्राइम95 मध्ये राउंडिंगची चूक येऊन एखादा वर्कर थांबला, तर बाकीचे चालू आहेत म्हणून समाधान मानू नका. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी) शोधा. 19 क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली आणि हार्डवेअरने ती सावरली. मशीन सुरळीत चालतंय असं वाटत असतानाच या नोंदी साचतात. लिनक्सवर रासडेमन (अशाच चुका नोंदवणारा प्रोग्रॅम) टाकून ठेवा किंवा कर्नलच्या लॉगमध्ये एमसीई (हार्डवेअरच्या चुकीची खूण) शोधा. एक नोंद दिसली तरी क्लॉक 100 मेगाहर्ट्झ खाली.

इथपर्यंत सगळेच करतात. आता जे राहतं ते: कामाचा साठा. बॉइंक मॅनेजरमध्ये कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये दोन आकडे असतात, किमान किती दिवसांचं काम साठवायचं आणि त्यावर आणखी किती. पहिला 0.1 करा, दुसरा 0. आत्ता करा, प्रकल्प जोडण्याआधी. जोडल्यावर केलंत तर पहिली खेप येऊन बसलेली असेल. आणि मॅनेजरमध्येच करा, कारण एकदा त्या मशीनवर स्थानिक सेटिंग केलेलं असलं की वेबसाइटवर बदललेला आकडा तिथे लागू होत नाही. वेबसाइटवर 0.1 दिसतोय आणि मशीन 5 दिवसांचं काम ओढतंय, हा गोंधळ नेमका यातूनच होतो.

हिशोब करून बघा. 16 थ्रेड, एक काम 2 तासांचं. 5 दिवसांचा साठा म्हणजे 960 कामं, 0.1 दिवसाचा म्हणजे जेमतेम 19. क्लॉक चुकला असेल तर दोनपैकी एक होतं. पहिला प्रकार गोंगाटाचा: काम काही सेकंदांत एरर देऊन मरतं, लगेच पुढचं सुरू होतं, तेही मरतं, आणि तुम्ही झोपेत असताना सगळा साठा जळून जातो. सर्व्हर मग तुमच्या मशीनचा दिवसाचा कोटा उतरवत नेतो. दुसरा प्रकार गप्प आणि जास्त वाईट: काम पूर्ण होतं, अपलोड होतं, उत्तर चुकीचं असतं. बऱ्याच प्रकल्पांत एकच काम दोघांना देतात आणि उत्तरं ताडून बघतात. दुसऱ्याचं उत्तर यायला दिवस लागतात. तोवर तुमचं मशीन त्याच क्लॉकवर त्याच चुका करत राहतं. उत्तरं जुळली नाहीत की काम तिसऱ्याकडे जातं, म्हणजे तुमच्या 100 मेगाहर्ट्झसाठी वीज कुणा तिसऱ्याची जाते. आणि काही प्रकल्प जुन्या, भरवशाच्या मशीनचं उत्तर दर वेळी ताडून बघतही नाहीत. चांगला इतिहास असलेलं मशीन ओव्हरक्लॉक करणं म्हणूनच सगळ्यात धोक्याचं. निकाल उशिरा कळतो, म्हणून साठा लहान ठेवायचा. इंटरनेट अधूनमधून जातं म्हणून मोठा साठा हवा असेल, तर तो महिनाभराने, मशीन सिद्ध झाल्यावर.

हा क्रम तोंडपाठ करा: क्लॉक, व्होल्टेज, रॅम, बायोस, काहीही बदलायच्या आधी प्रकल्पावर नो न्यू टास्क्स (नवीन काम घेणं बंद करणारं बटण). हातातली कामं संपू द्या. अपडेट दाबून ती पोहोचवा. मग बदला, तपासा, आणि पुन्हा थोडंच काम घ्या. "फक्त 25 मिलिव्होल्ट उतरवतोय" यालाही हाच क्रम. साठा मोठा येऊन पडलाच असेल तर कामं निवडून अबॉर्ट (रद्द) करा आणि अपडेट दाबा, म्हणजे सर्व्हर ती लगेच दुसऱ्याला देतो. नुसतं बॉइंक काढून टाकलंत तर ती कामं मुदत संपेपर्यंत तुमच्याच नावावर अडकतात.

ग्राफिक्स कार्ड. मेमरीचा क्लॉक वाढवू नका, एवढंच सांगून थांबलो असतो, पण ऐकणार नाही कोणी. जीडीडीआर5 पासूनच्या मेमरीत वाहतुकीतली चूक पकडून डेटा पुन्हा पाठवायची सोय आहे, त्यामुळे क्लॉक चढवला की क्रॅश होण्याआधी वेगच घटतो. एका कामाला लागणारा वेळ मोजा. तो वाढला तर मागे या. कोर क्लॉक 15 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी. पॉवर लिमिट 75-80 टक्क्यांवर आणून बघा, बहुतेक कार्डांवर काम थोडंच घटतं आणि वीज बरीच वाचते. फोल्डिंगमध्ये कणांच्या स्थानाचा आकडा नॅन (संख्याच नाही असा) झाल्याची तक्रार लॉगमध्ये आली, तर पहिला संशय क्लॉकवर घ्या. तिथे पासकीवरचे (खात्याच्या ओळखकिल्लीवरचे) जलद परताव्याचे जादा गुण 80 टक्के कामं यशस्वी परत केली तरच मिळतात, म्हणजे अस्थिर क्लॉकने गुणही जातात. ड्रायव्हर एकदा कोसळून सावरला की मशीन रीस्टार्ट करा. नाहीतर पुढची सगळी जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची) कामं सेकंदासेकंदाला मरतात, आणि साठा मोठा असेल तर काय होतं ते वर लिहिलंय. एनव्हिडिया कार्डावर ओपनसीएलचं (ग्राफिक्स कार्डावर गणित चालवायची एक पद्धत) काम एक अख्खा सीपीयू थ्रेड अडवून बसतं, तो मोकळा सोडा.

बॉइंकची बाकी सेटिंग्ज पटकन. सीपीयू टाइम 100 टक्केच ठेवा. तो 50 केला की बॉइंक काम थांबवतं-चालू करतं, सतत, आणि ओव्हरक्लॉक मशीनला असा हेलकावणारा भार सगळ्यात वाईट. उष्णता कमी करायची तर कोअर्सची टक्केवारी उतरवा. एलएलआरसारख्या कामांना खऱ्या कोअर्सइतकेच थ्रेड द्या, आणि एकाच वेळी अनेक कामांपेक्षा एकच काम अनेक थ्रेडवर. डेटा प्रोसेसरच्या आतल्या एल3 कॅशमध्ये मावला की वेग वाढतो. बॉइंकच्या सीसी कॉन्फिग (cc_config.xml) फाइलमध्ये स्टार्ट डिले (काम सुरू करण्याआधीची थांब) 60 सेकंद द्या, नाहीतर आफ्टरबर्नर या कार्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा पंख्यांचा कर्व्ह लागू व्हायच्या आत कार्ड पूर्ण भारावर गेलेलं असतं. अँटीव्हायरसमधून डेटा फोल्डर वगळा. विंडोज अपडेटच्या रीस्टार्टची वेळ स्वतः ठरवा.

पहिले दोन आठवडे वेबसाइटवर आपल्या मशीनची कामांची यादी रोज उघडा. मॅनेजर काम पूर्ण झालं एवढंच सांगतो. बरोबर की चूक ते यादीत दिसतं. पेंडिंग म्हणजे जोडीदाराची वाट. इनकन्क्लुझिव्ह (उत्तरं जुळली नाहीत) एखादं येतंच, चूक जोडीदाराचीही असू शकते. पण तुमच्याकडेच साचत असतील तर चूक तुमची आहे. इनव्हॅलिड (उत्तर चूक ठरलं) एक जरी आलं, तर नो न्यू टास्क्स, साठा संपवा, क्लॉक खाली. आता तरी साठा 0.1 आहे ना? बघून या. प्राइम95 आणि तत्सम प्रोग्रॅम गर्बिझ नावाच्या गणिती तपासणीने चूक पकडतात आणि मागे जाऊन पुन्हा मोजतात, त्यामुळे उत्तर बरोबर येतं. पण लॉगमध्ये अशा नोंदी असतील तर मशीन स्थिर नाही.

नंतरचं थोडक्यात. बायोसचं प्रोफाइल साठवा, शिवाय प्रत्येक पानाचा फोटो काढा, कारण बायोस अपडेटनंतर जुनं प्रोफाइल बहुधा चालत नाही. धूळ दर दोन-तीन महिन्यांनी. उन्हाळ्याच्या तोंडाला ब्लेंड पुन्हा एकदा. रॅमची काडी बदलली, बायोस बदलला, कूलर काढून बसवला, तर मेमटेस्टपासून सगळं परत, आणि तोवर नवीन काम बंद.