स्टॅन्ली जॉर्डनसारखं दोन्ही हातांनी गिटार: सुरुवात कशी करायची

अमेरिकन जॅझ गिटारिस्ट स्टॅन्ली जॉर्डन तारा छेडत नाही, दोन्ही हातांची बोटं गिटारच्या मानेवर ठोकून वाजवतो. त्याचा १९८५चा 'मॅजिक टच' हा अल्बम आधी हेडफोन लावून ऐका, आणि त्यातलं बीटल्सचं 'एलेनॉर रिग्बी' तर दोनदा ऐका. मूळ गाण्यात गिटारच नाहीये, फक्त व्हायोलिनच्या जातीची आठ वाद्यं आणि आवाज, आणि हा माणूस ते गिटारवर आणतो. पहिल्यांदा फक्त चाल ऐका, दुसऱ्यांदा चाल सोडून खालचा बेस पकडा, तेव्हा कळतं की दोन गिटारिस्ट वाटतात ते एकाच माणसाचे दोन हात आहेत.

आता ट्यूनिंग. तो सगळ्यात पातळ दोन तारा अर्धा सूर चढवतो, बी ची सी आणि ई ची एफ, बाकी चार तशाच. तारा जुन्या असतील तर आधी बदला, मी तशीच पिळत बसलो आणि पातळ तार फट्कन तुटून बोटाला लागली. आणि हो, पहिल्या क्लासात शिकलेले जी, सी वगैरे कॉर्ड आता बेसूर वाजणार, घाबरू नका. फायदा असा की शेजारच्या कुठल्याही दोन तारांमधलं सुरांचं अंतर सारखं, एक शेप (बोटांची मांडणी) कुठेही सरकवा, तोच राहतो.

गिटार इलेक्ट्रिकच घ्या, तारा फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) जितक्या जवळ तितकं बरं. नटपाशी (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात तिथे) केसांचं जाडसर रबर गुंडाळा, नाहीतर मोकळ्या तारा मागे गुणगुणत राहतात. (बायकोचं घेतलंत तर विचारून घ्या.)

डाव्या हाताने ए तारेचा ७वा आणि डी तारेचा ९वा फ्रेट एकदम ठोका, छेडायचं नाही, बोट हातोडीसारखं फ्रेटच्या अगदी मागे आपटायचं आणि दाबून ठेवायचं. मग तोच शेप ३ आणि ५ वर न्या. झाले ई मायनर आणि सी या कॉर्डचे पाये, अख्खं 'एलेनॉर रिग्बी' जवळपास या दोनवरच आहे. हे झोपेत जमेपर्यंत उजवा हात मांडीवर ठेवा, खरंच. मग उजव्याने सी तारेवर ७ आणि ११, एफ तारेवर ११, हे तीन सूर एकेक करून ठोका, दोन्ही कॉर्डवर चालतात.

पहिले काही दिवस डावा हात उजव्याच्या मागे धावतो, तेव्हा मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ५० ठोक्यांवर ठेवा. जॉर्डनच्याच 'स्टेट ऑफ नेचर' अल्बममधला मोझार्टचा २१वा पियानो कॉन्चेर्टो सध्या नुसता ऐका, वाजवायला जाऊ नका. मी गेलो होतो, चौथ्या तालखंडात अडकलोय अजून.