धडा अर्धवट सोडून उठा

परवाना परीक्षेच्या अभ्यासात खरी अडचण असते ती बसण्याची. नोकरी सांभाळून अभ्यास असेल तर पुस्तक उघडेपर्यंतच अर्धा तास निघून जातो.

म्हणून रात्री अभ्यासावरून उठताना धडा संपवायचाच नाही.

१. एक सराव प्रश्न निम्मा सोडवून थांबा.
२. पुढची पायरी कोणती, ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहा. (हे टाळलं की सकाळी काही आठवत नाही.)
३. वही त्याच पानावर उघडी ठेवा.

दुसऱ्या दिवशी तेवढाच प्रश्न पुरा करायचा, १० मिनिटांचं काम. बहुतेकदा पुढचे दोन-तीन आपसूक सुटतात. नाही सुटले, तरी खाडा पडत नाही.

मात्र मुद्दाच कळला नसेल तिथे थांबू नका; सकाळी त्या वहीकडे बघवत नाही.