लंडनमध्ये कालव्याकाठी ट्रेझर हंट घ्यायचाय? असा बसवा

मंडळाची पिकनिक असो, शाळेच्या सुट्टीतला टाइमपास असो की भारतातून आलेल्या आई-बाबांना बिग बेन सोडून काहीतरी वेगळं दाखवायचं असो, रीजंट्स कॅनॉलसारखी जागा नाही. लिटल व्हेनिस ते कॅमडेन, साधारण चार किलोमीटर, सगळं सपाट. चालायला तासभर पुरतो पण हंट म्हणून घेतलात तर अडीच-तीन तास सहज जातात. तिकीट नाही काही नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हंट कशाचा आहे ते. "लाल बोट शोधा", "बदकं मोजा" असले क्लू अजिबात ठेवू नका, बोट उद्या दुसरीकडे जाते आणि बदकं कुणाचं ऐकत नाहीत. शिवाय तेवढंच शोधायचं तर कालव्यावर कशाला जायचं, बागेत जा की. क्लूचं उत्तर दगडात नाहीतर लोखंडात असलं पाहिजे आणि ते सापडल्यावर पोरांना कळलं पाहिजे की इथे काम कसं चालायचं. हा कालवा मालवाहतुकीसाठी खोदलेला, पॅडिंग्टन ते कॅमडेन भाग 1816 ला सुरू झाला, लाइमहाउसपाशी थेम्स नदीला जाऊन मिळाला 1820 ला, आणि काठावरून दोराने नावा ओढायला घोडे. त्यामुळे शोधायचं काय, तर घोड्यांच्या खुणा. बस, एवढा धागा धरला की क्लू आपोआप सुचतात.

सुरुवात लिटल व्हेनिसजवळच्या वॉरविक अव्हेन्यू ट्यूब स्टेशनवरून. ब्लॉमफील्ड रोडला काठाची वाट तिथल्या बोटवाल्यांची खाजगी आहे, म्हणून फुटपाथवरून चालायचं, पुढे कालवा मेडा हिलच्या बोगद्यात शिरतो. या बोगद्यात काठाला वाटच नाही! मग घोडा सोडून वरच्या रस्त्याने न्यायचे आणि नावाडी आत आडवे पडून भिंतीला पाय लावून नाव पुढे रेटायचे, अडीचशे मीटर. इथला क्लू मी असा देते:

पाठीवर पडून कोण बरं चाललं?
घोडं मात्र वरून निवांत गेलं.

क्लू मराठीतच लिहा, यमक जुळलं तर उत्तम. इथे वाढलेली पोरं अर्धे शब्द आजोबांना विचारतात आणि आजोबांना अर्ध्या जागा पोरं दाखवतात, म्हणून टीम करताना वयं मिसळा, सगळी टीनेजर एका टीममध्ये टाकलीत तर ती फोनवर उत्तरं शोधून वीस मिनिटांत कॅमडेनला आइस्क्रीम खात बसतील.

एजवेअर रोड ओलांडून एबरडीन प्लेसवरून खाली पुन्हा पाण्याशी या. आता पुढचा मॅकल्सफील्ड ब्रिज म्हणजे अख्ख्या हंटचा जीव आहे, इथे घाई करू नका. 2 ऑक्टोबर 1874 ला पहाटे टिलबरी नावाची नाव या पुलाखालून जात होती, त्यात बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम, स्फोट झाला, नावेवरचे तिघे गेले, पूल उडाला. म्हणून लोक अजून याला ब्लो-अप ब्रिजच म्हणतात. पूल परत बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले पण फिरवून लावले. आता खांबाजवळ जा आणि हात लावून बघा, ओल्या दोराने घासून घासून बोटभर खाचा पडल्यात, आणि त्या खांबाच्या दोन्ही बाजूंना आहेत. दोर तर पाण्याच्या बाजूनेच घासणार ना? मग आतल्या बाजूच्या खाचा कुठून आल्या? हाच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. स्फोटाची गोष्ट आधी सांगू नका, पोरांनी डोकं खाजवल्यावर सांगा.

खांब मी लोखंडाचा, दोरीने चिरला,
ओढणारा गेला, व्रण तेवढा उरला.

बोनस मार्क खांबाच्या माथ्यावर ओतलेल्या नावाला, कोलब्रुकडेल, जिथे हे लोखंड ओतलं ते गाव.

पुढे झू लागतं. तिथली मोठी जाळीदार पक्ष्यांची जागा 1960 च्या दशकातली, आता तिथे माकडं आहेत. लहान मुलं इथून हलत नाहीत, त्यामुळे खाऊचा ब्रेक इथेच घ्या.

वाटेत एक क्लू "कुठेही सापडू शकेल" म्हणून मोकळा ठेवा. या कालव्यावर काही ठिकाणी पाण्यातून काठावर येणारा छोटा उतार केलेला आहे, रेल्वेच्या आवाजाला बुजून घोडा पाण्यात पडला तर त्याला बाहेर काढायला.

पडला तर वर यायला वाट,
पण माणसांसाठी नाही हा घाट.

यासाठी आदल्या आठवड्यात स्वतः एकदा पूर्ण रूट चालून घ्या, कुठे काय दिसतं ते फोटो काढून ठेवा, कुठे काम चालू असून वाट बंद आहे का तेही कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या साइटवर बघा. आणि चिठ्ठ्या चिकटवू बिकटवू नका, वाऱ्याने पाण्यात जातात, सगळे क्लू एका कागदावर छापून द्या. वाट अरुंद आहे, बहुतेक ठिकाणी कठडा नाही आणि सायकलवाले सुसाट येतात. म्हणून नियम एकच पण कडक: पळणाऱ्या टीमचे मार्क कापायचे. वेळेवर बक्षीस ठेवूच नका.

कॅमडेनला पहिल्यांदा लॉक दिसतं, इथपर्यंत पाणी एकाच पातळीत. जोडीने बांधलेली दोन लॉक आहेत, नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडून खाली उतरवायची, लिफ्टच म्हणा. एखादी बोट येईपर्यंत थांबा, पोरांना लांबून बघू द्या, दारांवर चढू देऊ नका. घोड्याने माल ओढणं इथे 1956 पर्यंत चाललं होतं.

शेवटचा क्लू कालव्यावर ठेवू नका. कॅमडेन लॉकपासून चॉक फार्मकडून वीसेक मिनिटं चाललं की 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकताना इथे राहायचे, आणि हे घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. प्रश्न सोपा ठेवा: बाहेरच्या निळ्या पाटीवर बाबासाहेब इथे राहिल्याची कोणती वर्षं आहेत? उत्तर 1921-22. लगेच पुढचा प्रश्न टाका, तेव्हा खाली कालव्यावर नावा कोण ओढत होतं? मघाशी लॉकपाशी लक्ष दिलेलं असेल तर बरोबर सांगतील. घर आतून बघायचं असेल तर उघडं कधी असतं ते आधी विचारून निघा, मार्क घराबाहेरच मोजून टाका, आणि परतीला चॉक फार्म स्टेशन जवळच आहे.