लग्नाचे फोटो कार्डात असतात तोवर

नागपूरच्या लग्नसराईत सकाळी महाल भागात हळद, दुपारी लग्न आणि रात्री वर्धा रोडच्या लॉनवर रिसेप्शन, असं सगळं एकाच दिवशी येतं. या धावपळीत कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड बिघडण्याची भीती मला कमी वाटते. भरलेलं कार्ड रिकामं समजून कोणी फॉरमॅट मारेल, म्हणजे सगळं पुसून कोरं करेल, ही जास्त वाटते. म्हणून माझ्याकडे फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या पोरापोरींना मी फ्लॅशच्या आधी कार्ड शिकवते.

सुरुवात डबीपासून. रिकामी कार्डं लेबल वर करून ठेवायची, भरलेली उलटी, सोनेरी पट्ट्या वर. भरलेल्या कार्डाची बाजूची खिट्टी लॉककडे सरकवायची. ती कार्डाच्या आत काहीच बंद करत नाही. ती कुठे आहे एवढंच कॅमेरा किंवा कॉम्प्युटरचा कार्ड रीडर बघतो. खिट्टी तुटून पडली तर कार्ड कायम लॉक दिसतं. तेव्हा घाबरू नका, फोटो उतरवून घ्या आणि ते कार्ड कामातून बाद करा. फोटो राखून ठेवायला कॅमेऱ्यात जे किल्लीचं चिन्ह असतं, त्यावर मात्र भरवसा नको. ‘सगळे डिलीट’पासून ते वाचवतं, फॉरमॅटपासून नाही.

कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर दोन्ही कार्डांवर तेच फोटो पडू द्या. ‘एक भरलं की दुसरं’ ही सेटिंग लग्नात कशाला?

आता नावांची भानगड. फाइलचा नंबर ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले की घोडीवरचा नवरदेव आणि पंगतीतले मामा एकाच नावाने निघतात. रात्री २ वाजता कॉम्प्युटर ‘रिप्लेस करू का’ विचारतो, आणि झोपेतला माणूस ‘हो’ म्हणतो. म्हणून प्रत्येक कार्डाचं वेगळं फोल्डर करा: तारीख, घराचं नाव, कॅमेरा, कार्ड नंबर. पुष्कळ कॅमेऱ्यांत नावाची पहिली अक्षरंही मेनूतून बदलता येतात. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं हळदीआधीच जुळवा, नाहीतर क्रम लावताना मंगलाष्टकांआधी सप्तपदी येईल.

उतरवताना ‘कट’ कधीच नाही, ‘कॉपी’. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. मग फाइलींची संख्या आणि एकूण साइझ कार्डाशी ताडून बघा. नुसती छोटी चित्रं बघून समाधान मानू नका: रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलमध्ये, एक तयार छोटा फोटो (जेपीइजी) आतच ठेवलेला असतो, तो छान दिसतो आणि खालचा मूळ डेटा खराब असू शकतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मधूनमधून काही फोटो पूर्ण मोठे करून बघा. तिसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. माझी डिस्क धंतोलीला बहिणीकडे असते.

फॉरमॅट करायचं ते पुढच्या कामाच्या आधी, कॅमेऱ्यातच, आणि दोन्ही प्रती बघून. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर फॅट३२ आणि त्यावरच्यांवर एक्सफॅट ही फाइली मांडण्याची पद्धत असते. कॅमेरा ती स्वतः नीट लावतो.

तरीही फोटो उडाले तर? कॅमेरा बंद करा, कार्ड काढा, लॉक करा. साध्या डिलीटने फोटोचा पत्ता जातो, फोटो जागेवरच असतो. त्यावर नवा फोटो पडला की मग खरंच जातो. कॉम्प्युटरने ‘आधी फॉरमॅट करा’ म्हटलं तर कॅन्सल दाबा. फोटोरेक हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढा, त्याच कार्डावर नाही. नावं बहुतेक जातात, पण फोटोच्या आतली तारीख-वेळ राहते, तिने क्रम लागतो.

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की लोक कार्डाची चिंता करतात. बंद गाडीत मला बॅटऱ्यांची जास्त असते. अनेक कार्डं ८५ अंशांपर्यंत चालतील अशीच बनवलेली असतात.

एक राहिलं. १२८ जीबी छापलेलं नकली कार्ड आतून बरंच लहान असू शकतं, आणि पुढचे फोटो गुपचूप गिळतं. नवीन कार्ड आधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅकवर एफथ्री या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून, परत वाचून तपासा. सेकंदाला ३० एमबीच्या वेगाने १२८ जीबी भरायलाच सव्वा तासाच्या आसपास जातो, त्यामुळे हे काम लग्नाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.