फिशटँक ठेवण्याआधी फरशीखाली काय आहे ते बघा

चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच २५५ किलो. १० मिमी काच चौरस फुटाला २.३ किलो भरते आणि या टाकीला साडेबावीस चौरस फूट काच लागते, ती ५२ किलो. तळाला दोन इंच बारीक गोटे घातले की ४० किलो, लोखंडी स्टँडचे ३५. एकूण पावणेचार ते चार क्विंटल. सिमेंटच्या आठ बॅगा सहा चौरस फुटांत रचल्यासारखं. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत पाणीच ६८० लिटर बसतं आणि सगळा भार नऊ-साडेनऊ क्विंटलवर जातो.

आता कुणी म्हणेल, आमच्या खोलीत तुरीचे वीस कट्टे (पोती) राहतात, फरशीला काही होत नाही. खरं आहे. पण कट्टा अंग टाकून पसरतो आणि भाव आला की बाजारात जातो. टाकी चार पायांवर उभी राहते आणि वर्षानुवर्षं हलत नाही. शिवाय फरशी पाव इंच खचली तरी कट्ट्यांना फरक पडत नाही. टाकीला पीळ बसतो, सिलिकॉनचा सांधा सुटतो किंवा तळाची काच तडकते.

जमिनीवरची खोली

विदर्भात बरीच घरं काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्यात मुरूम नीट भरून धुम्मस (भराव ठोकून घट्ट करायचं जड अवजार) मारलेला असेल तर खोलीतल्या फरशीला त्रास कमी. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी मातीच आत ढकलली असेल, तर वरची शहाबादी कितीही देखणी असली तरी खाली भरवसा नाही.

तपास असा करा. लाकडी दांड्याने टाकीच्या जागेवर वीतभर अंतराने ठोका. टणक आवाज चांगला, बद्द आवाज आला तर खाली पोकळी. मग भिंतीच्या कडेला बसून स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) बघा: फरशी आणि स्कर्टिंगमध्ये बोटभर फट दिसली तर भराव बसला आहे. हे भिंतीलगतच जास्त होतं, कारण पायाच्या कडेच्या भरावावर धुम्मस नीट चालत नाही. म्हणून तळमजल्यावर, जागा असेल तर, टाकी भिंतीपासून हातभर सोडून ठेवणं बरं. बाहेरून जोत्याला फेरी मारा. घुशीने काढलेली मोकळी मातीची ढिगुळी दिसली तर बीळ फरशीखाली गेलेलं असू शकतं. त्यात पाणी ओतून बघू नका, काळी माती ओली होईल. काचेचे तुकडे आणि काँक्रीट घालून बुजवा.

शंका असेल तर भाराची चाचणी घ्या. टाकीच्या मापाच्या फळीवर, स्टँड जिथे येणार तिथेच, चार क्विंटलचे कट्टे आठवडाभर रचून ठेवा. आधी आणि नंतर मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीने फळीच्या चारही कोपऱ्यांची लेव्हल घ्या. तीन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर जागा पक्की करावी लागेल. ही चाचणी फक्त जमिनीवरच्या फरशीवर. स्लॅबवर अजिबात नाही.

पक्की करायची तर पाच बाय अडीच फुटांतली फरशी उचला, फूट-सव्वा फूट खोदा, काळी माती फेका. मुरमाचे चार-चार इंचांचे थर ओले करून धुमसा. वर चार इंच काँक्रीट टाका: एक बॅग सिमेंट, अडीच घनफूट रेती, पाच घनफूट गिट्टी. आत ८ मिमीच्या सळ्या सहा-सहा इंचांवर दोन्ही बाजूंनी बांधा. सात किलो लोखंड पुरतं. किमान दहा दिवस पाणी मारा. एप्रिल-मेमध्ये काम असेल तर ओलं पोतं घालून दिवसातून तीन-चारदा.

स्लॅबवरची खोली

इथे उलटं आहे: भिंतीलगतची जागाच सर्वांत भक्कम, त्यातही कोपरा. मात्र खालच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत किंवा बीम हवा. स्लॅबवर उभी केलेली चार इंची आडभिंत आधार देत नाही, तिचंच ओझं स्लॅबवर असतं.

राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ (भाग २) या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो भारासाठी काढतात, म्हणजे चौरस फुटाला साडेअठरा किलो. १० बाय १२ च्या खोलीत पसरून सव्वादोन टन. आपली टाकी चौरस फुटाला ६५ किलो देते, पण फक्त सहा चौरस फुटांत; म्हणून सुस्थितीतल्या स्लॅबच्या कोपऱ्यात चार फुटी टाकी चालते. सहा फुटीला मात्र सळ्यांचा नकाशा घेऊन इंजिनिअरला विचारा. आणि हेही आठवा: आधी गच्ची म्हणून ओतलेल्या स्लॅबवर नंतर खोली चढवलेली असेल तर हिशोब बहुधा १५० किलोचाच धरलेला असतो.

खालून छत बघा. सळीच्या रेषेत तडा, तांबूस डाग, प्लास्टरचे पोपडे म्हणजे सळी गंजते आहे. तिथे टाकी नको. आखूड बाजूने भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी ताणून छताला लावा. दहा फुटांत स्लॅब मध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त लोंबलेला दिसला, तर कारण सेंट्रिंग (ओततानाचा खालचा फळ्यांचा आधार) बसल्याचं असो की सळी कमी पडल्याचं, तिथेही नको. गॅलरी आणि छज्जा यांचा विचारच सोडा: त्यांच्या वरच्या सळ्या स्लॅब ओतताना पायाखाली दबलेल्या असण्याची शक्यता मोठी. सागवानी कड्यांच्या माळ्यावरही नको. वाळवी कडी आतून खाते, वरून कळत नाही.

स्टँड आणि पाणी

दीड इंची अँगलचा पाय फरशीला चार चौरस सेंटिमीटरसुद्धा टेकत नाही आणि त्यावर शंभर किलो येतात. शहाबादी तिथेच फुटते. प्रत्येक पायाखाली चार बाय चार इंचांची, ६ मिमी जाडीची प्लेट वेल्ड करून घ्या. लेव्हल स्टँडच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे घालून साधा. काच आणि स्टँडमध्ये पुठ्ठा खुपसू नका. तळ सपाट काचेचा असेल तर खाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल अखंड पसरा.

पाणी तीन दिवसांत भरा, रोज एक तृतीयांश. प्रत्येक वेळी चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या काठापासून पाण्याच्या रेषेपर्यंत पट्टीने मोजून भिंतीवर पेन्सिलने तारखेसह लिहा. पावसाळ्यात एकदा आणि मेमध्ये एकदा हेच परत मोजा. पाणी बदलताना बादली फरशीवर सांडू देऊ नका, नळी थेट अंगणात काढा. सांधीतून झिरपलेलं पाणी काळ्या मातीला पोचलं की ती एकाच बाजूने फुगते. कोपऱ्यांतला फरक तीन मिमीच्या वर गेला तर टाकी रिकामी केल्याशिवाय स्टँडला हात लावू नका.