वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार : तज्ज्ञाचा अभिप्राय कसा मिळवावा

बिले आणि डिस्चार्ज कार्ड आपल्याजवळ असतातच. इनडोअर केस पेपर (दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी), भुलीची नोंद आणि नर्सिंग चार्ट मात्र लेखी अर्ज करून मागावेत आणि अर्जाची पोच घ्यावी. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार हे कागद 72 तासांत द्यावे लागतात.

खरी अडचण यापुढे सुरू होते. रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर चुकलेच, हा युक्तिवाद ग्राहक आयोगापुढे टिकत नाही. त्याच शाखेतील साधारण कुशल डॉक्टरने त्या स्थितीत जे केले असते ते झाले नाही आणि हानी त्यामुळेच झाली, या दोन्ही गोष्टी तक्रारदाराला सिद्ध कराव्या लागतात. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि तिथेच हरतात.

हे दाखवायला सहसा दुसऱ्या, तज्ज्ञ डॉक्टरचा अभिप्राय लागतो. हा तज्ज्ञ त्याच शाखेचा हवा, आणि शक्यतो दुसऱ्या शहरातला, कारण एकाच गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून द्यायला सहसा तयार होत नाहीत. नात्यातल्या डॉक्टरने जेवताना दिलेले मत किंवा इंटरनेटवरून छापून काढलेले लेख यांच्या भरवशावर आयोगात जाऊ नये. तज्ज्ञाला ‘निष्काळजीपणा झाला का?’ असे मोघम विचारले की उत्तरही मोघमच येते. केस पेपरमधील नोंदी वेळेनुसार मांडाव्यात आणि नेमके विचारावे : रक्तदाब घसरल्याची नोंद झाल्यावर कोणती तपासणी अपेक्षित होती, ती कधी झाली आणि लवकर झाली असती तर परिणाम बदलला असता का? अभिप्राय सकारण असावा, त्यात कोणते कागद पाहिले याचा उल्लेख असावा आणि तज्ज्ञाची शपथपत्र देण्याची तयारी आधीच विचारून घ्यावी.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले आहे. भलत्याच पायावर शस्त्रक्रिया झाली असेल तर चूक उघड दिसते. तरीही त्या सवलतीवर विसंबून राहू नये, असे माझे ठाम मत आहे.

अभिप्रायाची वाट पाहताना मुदत संपू देऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. वकिलाची नोटीस किंवा वैद्यकीय परिषदेकडील अर्ज यांमुळे ही मुदत वाढत नाही. विलंब माफ होऊ शकतो, पण पुरेसे कारण दाखवावे लागते. मुंबईत 1993 साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या, गोव्यातील एका परिचारिकेच्या पोटातून 2002 मध्ये गॉझ निघाले आणि तिने 2004 मध्ये तक्रार केली. वेदना सुरुवातीपासून होत्या, तरी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे ती परत गेली नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. त्रास होताच लेखी विचारणा करण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

दाखल करणे त्यामानाने सोपे आहे : उपचारांसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर, भरपाई कितीही मागितली तरी, तक्रार जिल्हा आयोगातच जाते.